आजीने लावून घेतलेली देणी पुढे कोणी चालवायची?

नीराकाठ

नमस्कार. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेल्या मार्गशीर्षात वारली. वय पंच्याऐंशीच्या पुढे असावे. जन्माची नोंद कोठेच नसल्यामुळे नेमके सांगता येत नाही. लोणंद-फलटण रस्त्यापासून थोडे आत आमची वस्ती आहे, आणि लग्न होऊन आल्यापासून अखेरपर्यंत ती तेथेच राहिली. शेवटचे काही दिवस तिने अंथरूण धरले, तोवर म्हशीची धार तीच काढत होती. भरल्या घरातून गेली, त्यामुळे दुःख असले तरी तक्रार नाही. हा धागा काढण्याचे कारण वेगळे आहे.

दहावा झाल्यापासून तेराव्यापर्यंत घरी माणसे येत राहिली. भावकी येणार, पाहुणे येणार, हे गृहीत होते. पण आम्ही नातवंडे ज्यांना ओळखतही नव्हतो अशीही माणसे आली, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा आजीशी काही ना काही व्यवहार होता. गावातल्या एका बाईला भाऊ नाही. आजी तिला नागपंचमीला बांगड्या भरायला बोलावत असे आणि दिवाळीला पातळ नेसवत असे. ही रीत त्या बाईच्या लग्नापासून चालू होती आणि आता तिला स्वतःला नातवंडे झाली आहेत. पावसाळा संपला की मेंढरे घेऊन घाट उतरणारे एक धनगर कुटुंब जाता-येता आमच्या रानात मेंढरे बसवते. त्याबद्दल त्यांना ज्वारी मिळते हे आम्हांला ठाऊक होते, परंतु त्यांच्या प्रत्येक बाळंतिणीला खारीक-खोबरे आणि जुन्या लुगड्यांची वाकळ आमच्या घरून जाते, हे त्यांच्या म्हातारीने सांगितले तेव्हा कळले. शेजारच्या वाडीतली एक मुलगी परिचर्येचे शिक्षण घेत आहे. तिच्या पुस्तकांचा खर्च आजी दुधाच्या पगारातून करत होती. दर दहा दिवसांनी डेअरीतून येणाऱ्या त्या पैशांचा हिशेब घरात कोणी विचारत नसे, कारण ते आजीचे पैसे होते.

याशिवाय पालखी आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून पाडेगावाजवळ सातारा जिल्ह्यात येते, लोणंदचा मुक्काम झाला की चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते आणि मग ती तरडगावाकडे निघते. त्या दिवशी एका दिंडीला आमच्या वस्तीवरून पिठले-भाकरी जाते. तेवढी एकच गोष्ट सर्वांना माहीत होती, कारण त्या दिवशी सगळ्यांना घरी यावे लागे.

आणखी एक. घराच्या माळवदाखाली आजीने शाळूची निवडक कणसे टांगून ठेवलेली असत आणि मळलेले बी राख व कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून मडक्यांत भरलेले असे. ज्याचे बी वाया गेले असेल त्याने न्यावे आणि सुगीला तेवढेच परत आणून द्यावे. वाढीव काही घ्यायचे नाही, हा तिचा नियम होता.

आता घरात वारशाची चर्चा सुरू झाली आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. त्या वेळी आजोबांनी अडीच एकर जमीन आजीच्या नावावर केली. ती जमीन, एक बोरमाळ, पाटल्या आणि म्हैस यांवर सगळे बोलतात, आणि बोलावेही. वर सांगितलेल्या गोष्टींचे काय करायचे, यावर मात्र कोणी बोलत नाही. वडील आणि दोन काका, दोन आत्या, आम्ही नातवंडे पुण्यात, साताऱ्यात आणि फलटणला पांगलेलो. वस्तीवर धाकटे काका-काकू तेवढे आहेत. तुमच्या घरी अशी वेळ आली होती का? आजी-आजोबांनी लावून घेतलेली अशी देणी तुम्ही चालवली, बंद केली की आपोआप बंद पडली?

माणदेशी

तुमच्या आजीला माझा नमस्कार. माझी आजी दहिवडीच्या पलीकडची. तिच्याही अशाच रीती होत्या आणि त्यांतल्या बहुतेक १९७२ च्या दुष्काळात सुरू झाल्या होत्या, असे ती स्वतः सांगत असे. त्या वर्षी आमच्या भागात अर्धे गाव खडी फोडायला जात होते. आजीही जात होती; माझे वडील त्या वेळी पाळण्यात होते आणि खडीच्या ढिगाशेजारी झोळी बांधून त्यांना झोपवत असत. मजुरी मिळे, सुकडी मिळे, बाहेरून आलेल्या मिलोची लालसर भाकरी खावी लागे. त्या काळात कोणी कोणाला एक शेर जोंधळा दिला, कोणी स्वतःच्या आडातली घागर दिली, कोणी दिली नाही, हे सगळे आजीच्या ध्यानात अखेरपर्यंत होते. ज्यांनी दिले त्यांच्या घरी तिने नव्या धान्याचा वानवळा कधी चुकवला नाही. ज्यांनी दिले नाही त्यांच्याही घरी लग्नाकार्याला ती गेली, पण तेथे जेवली नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की बाहेरून दानधर्म वाटणाऱ्या या गोष्टींमागे पुष्कळदा जुनी परतफेड असते. तुमच्या गावच्या त्या बाईला भाऊ नाही एवढ्याच कारणाने आजीने तिला धरले असेल असे मला वाटत नाही. तिच्या आईने कधीतरी तुमच्या घराला हात दिला असण्याची शक्यता आहे. शक्य झाल्यास ते विचारून घ्या. कोणते देणे कशासाठी आहे हे कळले, तर कोणते चालवायचे हे ठरवणे सोपे जाते.

आमच्याकडे काय झाले तेही सांगते. आजी गेल्यावर चुलत्यांनी मोठ्या उत्साहाने ठरवले, की प्रत्येक घराने वर्षाला ठरावीक रक्कम काढायची आणि गावातल्या एका चुलतभावाने ती वाटायची. पहिल्या वर्षी पैसे जमले आणि पोचलेही. दुसऱ्या वर्षी ज्यांच्या घरी ते गेले त्यांतल्या एका म्हातारीने पैसे परत पाठवले आणि निरोप दिला, "वानवळा आणायला कुणी येणार नसंल तर पैसं नगं." आजी स्वतः जाऊन तासभर बसून येत असे. आम्ही पाकीट पाठवत होतो. पुढे ते थांबले.

सातबारा

मी महसुली कामकाजाशी संबंधित आहे, म्हणून जमिनीबद्दल लिहितो. मूळ प्रश्न तो नाही हे समजते, परंतु हे नीट झाले नाही तर बाकीच्या गोष्टींवर बोलण्याइतके नातेच उरत नाही, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

जमीन आजींच्या नावावर रीतसर झालेली असेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ याच्या कलम १४ प्रमाणे ती त्यांच्या पूर्ण मालकीची होती. त्यांनी मृत्युपत्र केले असेल तर त्याप्रमाणे ती जाईल. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मृत्युपत्र नसेल तर कलम १५ प्रमाणे मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो, आणि आजोबा हयात असते तर त्यांनाही मिळाला असता. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारलेली असेल, तर तिच्या मुलांना तिचा वाटा जातो. येथे मुलींच्या हक्काचा प्रश्न २००५ च्या दुरुस्तीवर अवलंबून नाही, हे लक्षात घ्या. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दल आहे. आईच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासूनच आहे. म्हणजे तुमच्या दोन्ही आत्या पाचांतल्या दोन वाटेकरी आहेत.

वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी, असे जमीन महसूल संहितेचे कलम १४९ सांगते. उशीर झाल्याने हक्क जात नाही, पण टाळाटाळीतून पुढे घोटाळे होतात. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे व पत्ते आणि प्रतिज्ञापत्र घेऊन अर्ज करा. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. फेरफार मंजूर होण्यापूर्वी सर्वांना नोटीस जाते, ती आत्यांच्या खऱ्या पत्त्यावर जाईल हे पाहा.

आणि एक विनंती. आत्यांकडून हक्कसोडपत्र घ्यायचे असेल तर ते त्यांनी आपण होऊन म्हटल्यावरच घ्या. "माहेरची साडी-चोळी चालू ठेवायची असेल तर सही कर," हे वाक्य निबंधक कार्यालयाच्या पायरीवर मी पुष्कळदा ऐकले आहे.

खटावची लेक

धागा वाचून भारावून जाणारे पुष्कळ येतील, म्हणून थोडे वेगळे लिहिते. राग मानू नये.

दिंडीला पिठले-भाकरी जाते, असे आपण लिहिले आहे. त्या भाकरी कोण थापते? शेकडो माणसांच्या भाकरी म्हणजे आदल्या रात्रीपासून चुलीपुढे बसणे, आणि तेथे आजी एकटी बसत नव्हती. तिच्या तिन्ही सुना बसत होत्या. बाळंतिणीला जाणारी वाकळ शिवायला महिना-दीड महिना लागतो. दोन लुगडी अंथरायची, मध्ये धडप्यांचे थर घालायचे, कडेपासून आत आत दोरा घालत न्यायचा, चारही कोपऱ्यांना फुले काढायची, हे दुपारच्या विसाव्याच्या वेळात होते. तो विसावा कोणाचा जात होता? देणे आजीने लावून घेतले, नाव आजीचे झाले आणि राबणूक घरातल्या सगळ्या बायकांची झाली. आता आजी गेल्यावर पुरुषमंडळींनी आणि शहरातल्या नातवंडांनी बसून "ही परंपरा चालू ठेवू" असे ठरवले, तर त्याचा अर्थ वस्तीवर राहणाऱ्या धाकट्या काकूंनी ती चालू ठेवायची, एवढाच होतो.

माझ्या आजीला मीही फार मानते. ती आठव्या वर्षी लग्न होऊन आली, शाळा तिने बाहेरून पाहिली. नायगावला, म्हणजे आमच्याच सातारा जिल्ह्यात, सावित्रीबाई फुले १८३१ मध्ये जन्मल्या आणि त्यानंतर शंभर वर्षांनी जन्मलेल्या माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हते. ती कोणाला नाही म्हणत नसे, हे सगळे तिच्या कौतुकाने सांगतात. तिला नाही म्हणण्याची मुभा होती का, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा सूचना एवढीच, की चालवायचे ते ठरवण्यापूर्वी काकूंना विचारा. आणि विचाराल तेव्हा घरातले दहा लोक समोर बसवून विचारू नका.

नीराकाठ

सर्वांचे आभार. सातबारा, आपला प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. मृत्युपत्र नाही. आत्यांची नावे लावण्याला कोणाचा विरोध नाही, निदान तोंडावर तरी नाही. अर्ज या आठवड्यात जाईल.

खटावची लेक, आपला मुद्दा बिनतोड आहे. काकूंशी माझी बायको एकटीच बोलली. काकूंचे म्हणणे असे, की पालखीच्या भाकरीचा त्यांना कधीच त्रास वाटला नाही, कारण त्या दिवशी वस्तीवरच्या सगळ्या बायका परातींसह आमच्या अंगणात येतात आणि वर्षभरात एकमेकींना निवांत भेटण्याचा तेवढाच एक दिवस असतो. वाकळ मात्र त्यांना नको आहे. त्यांचे डोळे आता साथ देत नाहीत आणि सासूबाईंना "नाही" म्हणता आले नाही म्हणून इतकी वर्षे शिवल्या, असे त्या स्पष्ट म्हणाल्या. बियाण्याबद्दल त्यांना स्वतःला आस्था आहे. किंबहुना गेली काही वर्षे कणसे निवडण्याचे काम त्याच करत होत्या आणि आजी फक्त मडक्याशेजारी बसून कोणी किती नेले ते लक्षात ठेवत होती, हेही आम्हांला आत्ताच कळले.

माणदेशी यांनी सुचवल्याप्रमाणे त्या भाऊ नसलेल्या बाईंनाही विचारले. त्यांच्या आईने माझ्या थोरल्या काकांना अंगावर पाजले होते, कारण बाळंतपणानंतर आजी तापाने आजारी पडली होती. काकांचे वय आज पासष्टच्या पुढे आहे आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

कोयनाखोरे

ही शेवटची ओळ वाचून लिहावेसे वाटले. आम्ही पाटणकडचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमचे घर बसले आणि आजोबा गेले. शेजारच्या घरातले नवरा-बायको दोघेही गेले, त्यांचा एक मुलगा वाचला. आजीने त्याला आपल्या मुलांबरोबर वाढवले. कागदोपत्री काहीच केले नाही, त्याचे आडनावही बदलले नाही. आजी गेली तेव्हा पाणी कोणी द्यायचे यावरून भावकीत कुजबूज झाली. माझ्या वडिलांनी त्या काकांच्या हातात मडके दिले आणि विषय संपवला. आमच्या घरचा वारसा विचाराल तर तो काका आहे. जमिनीत त्याला कायद्याने काही मिळत नव्हते. भावांनी आपल्या वाट्यातून काढून बक्षीसपत्राने दिले. त्याला नोंदणी आणि मुद्रांकाचा खर्च आला, तो सर्वांनी मिळून केला.

सांगलीकर

आमची आजी सांगलीच्या गावभागातली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी आले. २००५ च्या पुराच्या खुणेपेक्षा वर पाणी येणार नाही, या भरवशावर आजीची पेटी त्या खुणेच्या वर ठेवलेली होती. पेटीत तिचे लग्नातले छायाचित्र, तिच्या भिशीच्या वह्या आणि हरिपूरच्या पेवांत आजोबांची हळद असे त्या काळच्या पावत्या होत्या. पाणी उतरल्यावर त्याचा लगदा हाती आला.

त्यातून जे शिकलो ते कामाचे वाटल्यास घ्यावे. भिजलेली छायाचित्रे चिकटलेली असताना ओढू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवली की हळूहळू सुटतात. चित्राच्या बाजूला बोट लावू नये, पुसू नये, चित्र वर ठेवून सावलीत वाळवावीत. लगेच जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावीत, म्हणजे बुरशी धरत नाही आणि सवडीने काम करता येते. आमची काही छायाचित्रे अशी वाचली. वह्या वाचल्या नाहीत, कारण त्या शाईच्या टाकाने लिहिलेल्या होत्या.

पण मुद्दा वह्यांचा आहे. आजीची भिशी गल्लीतल्या बायकांची होती. कोणाचे पैसे कोणाकडे आहेत हे तिच्या हयातीतच माझ्या आईने तिच्याशेजारी बसून दुसऱ्या वहीत उतरवून घेतले होते आणि ती वही आई माहेरी, तासगावला, घेऊन गेली होती म्हणून राहिली. पुरानंतर गल्लीतल्या तीन बायकांचे देणे त्या वहीवरून भागवता आले. आजी तेव्हा हयात नव्हती. नीराकाठ, तुमच्या काकूंना बियाण्याचा हिशेब पाठ असेल, पण तो कागदावर घ्या, आणि कागद दोन ठिकाणी ठेवा.

जात्यावरची

मी लोकगीतांच्या अभ्यासाशी संबंधित काम करते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ आज आवाजासह ऐकता येतात. त्या संग्रहाकडे पाहताना एक गोष्ट सतत जाणवते. दळणारी बाई स्वतःविषयी थेट फार थोडे बोलते. ती भावाविषयी, आईविषयी, लेकीविषयी, शेजारणीविषयी गाते आणि त्यातून ती स्वतः दिसते. तुमच्या आजींनी ठेवलेला हिशेबही तसाच आहे, असे मला वाटले. त्यांचे स्वतःचे म्हणून काही विचारले असते तर त्यांनी "माझं काय असतंय बाबा" एवढेच उत्तर दिले असते.

आजींची बहीण, जाऊ, नणंद यांपैकी कोणी हयात असेल तर आत्ताच जाऊन ध्वनिमुद्रण करा. मात्र समोर बसून "जुन्या आठवणी सांगा" असे म्हणू नका. म्हाताऱ्या बायका लाजतात किंवा सगळ्यांना ठाऊक असलेलेच सांगतात. हाताला काम असताना बोलणे निघते. उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाल्याची तयारी चालू असते, तेव्हा मिरच्यांचे देठ काढायला सोबत बसा, मोबाइल पिठाच्या डब्याच्या आड ठेवा आणि त्यांना सांगून ठेवा की तो चालू आहे. न सांगता करू नये. डंकाच्या गिरणीत मात्र काही करू नका, तेथे स्वतःचे खोकणेच ऐकू येईल. मुद्रण झाल्यावर त्याच दिवशी गाव, नाते, साधारण वय आणि कोणाबद्दल बोलणे झाले ते लिहून ठेवा. नाव-गाव नसलेली मुद्रणे पुढच्या पिढीच्या काहीच उपयोगाची नसतात.

शाहूबोर्डिंग

परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलीबद्दल लिहितो, कारण त्या खर्चाला मुदत आहे आणि बाकीच्या चर्चेत ती मागे पडू नये. माझे आजोबा साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात शिकले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली, हे पुस्तकांत येते. बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडायला दिले, हे आजोबा प्रत्येक पंगतीला सांगत. आमच्या आजीने ते इतक्या वेळा ऐकले, की दरवर्षी एका मुलाचे जेवण आमच्या घरी असेच. आजी गेल्यावर आम्ही पाटल्या विकल्या नाहीत, पण त्यांच्या किमतीएवढी रक्कम भावंडांनी काढून ठेव ठेवली आणि व्याजातून एका मुलीची फी भरतो. रक्कम छोटी आहे. व्याजदर खाली आल्यावर तेवढ्यात फी बसत नाही, तेव्हा वरचे पैसे घालावे लागतात, हे आधीच धरून चाला.

आजींच्या नावाने शाळेत पारितोषिक ठेवावे, असेही सुचवतो.

खटावची लेक

पारितोषिकाला माझा विरोध आहे. नाव लावून देणे ही त्यांची पद्धत नव्हती असे मूळ लेखावरून दिसते. मुलीची फी भरा, फलक नको.

शाहूबोर्डिंग

फलक नसला की दहा वर्षांनी घरातलेच विसरतात, हा माझा अनुभव आहे. आमच्या ठेवीला आजीचे नाव आहे म्हणूनच माझी पुतणी त्यात पैसे घालते, आणि तिने आजीला पाहिलेलेही नाही. असो. ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

माणदेशी

मला दोन्ही पटते. फक्त त्या मुलीला कोणत्याही समारंभात उभे करून "आमच्या आजीने हिला शिकवले" असे म्हणू नका. पुढे तिलाच त्या गावात परिचारिका म्हणून वावरायचे आहे.

नीराकाठ

चैत्रात यात्रेसाठी सगळे वस्तीवर जमलो होतो, तेव्हा बोलणे झाले. काय ठरले ते येथे लिहितो, कारण आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने सांगितले.

सातबाऱ्यावर पाचही नावे लागली. जमीन धाकटे काकाच कसणार आहेत आणि खंड म्हणून दरवर्षी प्रत्येक घरी ज्वारी पोचवणार आहेत. थोरल्या आत्याने आपला वाटा सोडायची तयारी दाखवली होती. धाकट्या आत्याने तिला सर्वांसमोर थांबवले आणि "तू सोडलास तर मलाही सोडावा लागेल, म्हणून सोडू नकोस," असे सांगितले. त्यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग वडिलांनीच हक्कसोडपत्राचा विषय काढायचा नाही असे म्हटले.

भाऊ नसलेल्या बाईंना यापुढे थोरले काका स्वतः जाऊन घेऊन येणार आहेत. त्यांना कोणी सांगितले नाही. अंगावर पाजल्याची गोष्ट कळल्यावर ते दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसले होते. काका एरवी कोणाच्या घरी जाणारे गृहस्थ नव्हेत, हे आमच्या घरच्यांनाच कळेल.

मुलीच्या पुस्तकांचा खर्च आम्ही नातवंडांनी वाटून घेतला आहे. म्हैस काकूंकडे राहील आणि दुधाचा पगार त्यांचा असेल. त्यातून कोणाला काही द्यायचे की नाही हे त्या ठरवतील, तो हिशेब कोणी विचारायचा नाही. पारितोषिक ठेवायचे नाही, असे बहुमत झाले. वडिलांना ते हवे होते.

पालखीच्या भाकरीत एक बदल केला आहे. पुण्या-साताऱ्याकडचे पुरुष आदल्या दिवशीच येतील आणि पिठले, पाणी, वाढणे, भांडी हे सगळे आमच्याकडे राहील. भाकरी आम्हांला थापता येत नाहीत. माझ्या चुलतभावाने शिकतो म्हणून परात पुढे ओढली, त्याची पहिली भाकरी काकूंनी म्हशीला घातली.

वाकळीची रीत बंद केली. धनगरांच्या म्हातारीला काकूंनी स्वतः समजावून सांगितले आणि खारीक-खोबरे तेवढे चालू राहील असे कळवले. तिने ऐकून घेतले, वाईट वाटले असावे. घरात असलेल्या जुन्या वाकळींपैकी दोन जीर्ण आहेत, बाकीच्या कोणी न्यायच्या यावर मात्र एकमत झालेले नाही. बोरमाळ आणि पाटल्यांचेही ठरलेले नाही. त्यावर दोन काकूंचे आणि थोरल्या आत्याचे बोलणे जरा ताणले गेले, म्हणून ते वर्षश्राद्धापर्यंत पुढे ढकलले आहे.

जात्यावरची यांच्या सांगण्यावरून आजीच्या धाकट्या बहिणीकडे, म्हसवडला, बायको आणि मी जाऊन आलो. मावशीआजींनी लहानपणीचे पुष्कळ सांगितले. आजीला पोहता येत होते आणि ती आडात उडी मारत असे, हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी ठेवले आहे.

बियाण्याची वही काकूंनी सुरू केली आहे. सांगलीकर, तिची एक प्रत माझ्याकडे फलटणला असते. यंदा पेरणीसाठी कोणाला शाळूचे बी हवे असल्यास कळवावे. मालदांडीचेच आहे, संकरित नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी घरचेच बी धरता येईल. सुगीला तेवढेच परत द्यायचे, वाढीव काही नाही. नेण्यासाठी मात्र वस्तीवर यावे लागेल. कुरिअरने पाठवायला काकू तयार नाहीत.